दुपारी तीनची तिन्हीसांज

ज्या गावात दुपारी तीनला सूर्य मावळतो तिथे विरजण कुणाला किती वाजेपर्यंत द्यावं, याची सोय आमच्या घरच्या नियमांत नव्हती. नियम आमच्या गावात, भूममध्ये, झालेला. दिवेलागण झाली की विरजण, मीठ आणि सुई घराबाहेर जायची नाही. शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहिली तरी "उद्या सकाळी ये गं बाई" म्हणायचं आणि गप्पा मारून वाटेला लावायचं. हा नियम फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात, नोव्हेंबरच्या शेवटी पाळायचा म्हटलं तर दुपारच्या चहाआधीच दार लावून बसावं लागेल. माझी भाची ईश्वरी तिथेच चुकली, असं मी बरेच दिवस गावात सांगत फिरत होतो. चूक तिची नव्हती. पण मला तसं सांगणं सोयीचं होतं. का, ते येईलच.

मी दूध संघात एकतीस वर्षं दुधाची फॅट तपासली. दुधात पाणी किती ते मला वासावरून कळतं, आणि स्वतःच्या गोष्टीत किती घालायचं तेही. आमच्या चांदी म्हशीने उपग्रहाचा आवाज ऐकून दोन लिटर दूध वाढवलं होतं, त्या गोष्टीत पाणी होतं, कबूल. या गोष्टीत नाही.

ईश्वरी माझ्या धाकट्या बहिणीची, सुवर्णाची मुलगी. सुवर्णा भूमला खव्याची भट्टी चालवते. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती, कढई आणि कालथा. बाकी सगळ्यांनी यंत्रं बसवली, हिने नाही. म्हणते, यंत्राला वास येत नाही. खवा उतरवायचा तो दूध करपायच्या एक क्षण आधी, आणि तो क्षण नाकाला कळतो. त्या वासातच पोर वाढली. हुशार निघाली आणि २०४१ साली आंबवण्याचं शास्त्र शिकायला थेट ताम्पेरेला गेली.

जाताना आईने एक काम केलं. पांढरं सुती फडकं घरच्या दह्यात बुडवलं, सावलीत कडक वाळवलं, पाकिटात घालून बॅगेच्या तळाशी ठेवलं. तिकडे गेल्यावर कोमट दुधात फडकं बुडवायचं की विरजण जागं होतं. हे विरजण आमच्या आईचं. सुवर्णाच्या लग्नात ते तिच्याबरोबर सासरी गेलं होतं.

"विमानतळावर विचारलं हे काय आहे, तर काय सांगू?" ईश्वरीने विचारलं.

"रुमाल आहे म्हणावं," मी म्हटलं. "थोडा आंबट स्वभावाचा."

पोर हसत गेली. पुढचे दोन महिने काही हसली नाही.

ताम्पेरे शहर तसं देखणं. दोन तळ्यांच्या मधे वसलेलं, जुन्या गिरण्यांच्या विटांच्या चिमण्या, लाल ट्राम. माणसं सज्जन, पण ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी उभी राहतील. जिन्यात कुणाची चाहूल लागली तर दाराआडून ऐकतात आणि तो गेला की मग बाहेर पडतात. कानात दुभाष्या घातला की कुठलीही भाषा मराठीत ऐकू येत होती. पण बोलायलाच कुणी नसेल तर दुभाष्या तरी काय करेल? ईश्वरीला जेवण जाईना, झोप येईना. रोज फोन करायची आणि म्हणायची, "आई, काही बोलू नकोस. फोन फक्त कढईजवळ ठेव." मग सुवर्णा कालथा फिरवायची आणि सहा हजार किलोमीटरवर पोर त्याची खरखर ऐकत बसायची.

ऑक्टोबरमध्ये तिने परतीचं तिकीट काढलं. रद्द केलं. पुन्हा काढलं. पुन्हा रद्द केलं. हे लक्षात ठेवा. दोन्ही वेळा तिने स्वतः रद्द केलं.

दही लागत नव्हतं हे एक दुखणं होतंच. थंडीत दूध नुसतं दूधच राहायचं. तो प्रश्न सोडवला वरच्या मजल्यावरच्या आइनो नावाच्या म्हातारीने. त्या इमारतीत तळघरात सगळ्यांचं मिळून एक सौना होतं, म्हणजे घाम काढायची लाकडी खोली, आणि प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास नेमून दिलेला. आइनोचा तास गुरुवारी दुपारी. तो संपला की खोली हळूहळू निवत जायची. म्हातारीने ईश्वरीचा डबा आपल्या लोकरीच्या टोपीत घातला, खालच्या बाकावर ठेवला आणि म्हणाली, "झाकून ठेव आणि बघू नकोस सारखं."

दही असं लागलं की सुरीने कापावं.

आइनोच्या घरातही तिच्या आईचं विरजण होतं. त्यांच्याकडच्या दह्याला तार सुटते, ते 'व्हीली' म्हणतात. दोघींनी एकमेकींचं चाखलं. म्हातारी डोळे मिटून म्हणाली, "तुझ्या घरात काहीतरी सतत जळता जळता वाचतं."

हे ऐकून माझे तर केस उभे राहिले. एकतीस वर्षांत अशी जीभ मी पाहिली नव्हती.

मग रोज कुणाचा ना कुणाचा तास संपला की डबा तळघरात जाऊ लागला. दही-भात पोटात जायला लागला आणि पोरीला झोप लागायला लागली. रडायची अजून, पण रडून झालं की अभ्यासाला बसायची. शेजारच्या खोलीतल्या चिलीच्या मातियासपुढेही वाटी धरायची, तो आंबट नको म्हणायचा. अशात एका मराठी माणसाची ओळख झाली. समीहन देवस्थळी, पुण्याचा, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, तिथल्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत संशोधक. दर रविवारी वरण-भात जेवायला यायचा. ईश्वरी त्याला समीहनदादा म्हणायची. सुवर्णाशीही फोनवर "काकू, काकू" करत गोड बोलायचा. नोव्हेंबरच्या अखेरीस एका दुपारी तो वाटी घेऊन आला.

"ईश्वरी, चमचाभर विरजण दे गं. माझं पार बिघडलंय."

"उद्या सकाळी देते, दादा."

"उद्या का?"

"दिवे लागलेत."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य बुडून दिवे पेटलेले. "अगं, साडेतीन वाजलेत! बरं, भूमची वेळ धर."

"भूमला सात वाजलेत. तिथेही दिवे लागलेत."

"मग नुसतं घड्याळ धर. साडेतीनला जगात कुठेही दुपारच म्हणतात."

ती हसली आणि दिलं. मला नंतर म्हणाली, "मामा, चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. तेही मराठीतून. मी काय नियम बघत बसणार?"

आता थोडं शास्त्र. मी दूध संघाच्या भाषेत सांगतो, म्हणजे कळेल.

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू नांदतात. आतड्यातून मेंदूकडे एक जाड नस जाते, व्हेगस म्हणतात तिला. ही आमच्या संघाच्या दूधलाइनीसारखी. माल खालून वर. जंतू काही रसायनं तयार करतात, त्यांचे निरोप या नसेवरून मेंदूला पोचतात. समीहनच्या प्रयोगशाळेने शोधलं ते असं की माणसाला घर डोळ्यांनी कळत नाही, आतड्याने कळतं. घरातल्या हवेतले, पाण्यातले, विरजणातले जंतू लहानपणापासून पोटात रुजतात. त्यांना हवं ते मिळत असलं की ते निरोप धाडतात, 'घरी आहेस, निवांत राहा.' आणि उपाशी राहिले की दुसरा निरोप, 'हे घर नव्हे, परत चल.' परदेशात पोरं रात्र रात्र कुढतात ती या दुसऱ्या निरोपाने. आपण ज्याला आठवण म्हणतो ती म्हणे निम्मी उपाशी जंतूंची ओरड.

बहुतेकांच्या पोटात हे जंतू विसविशीत झालेले, कारण सगळं जग एकाच पाकिटातलं दही खातं. आमचं विरजण पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरातलं, एकाच धुरातलं. त्यातले जंतू खणखणीत निरोप धाडणारे. समीहनने चमचाभर विरजणातून ते वेगळे काढले, गोळ्या केल्या आणि परदेशातून आलेल्या सदतीस विद्यार्थ्यांना दिल्या. सदतीसच्या सदतीस पोरं आठवड्यात टवटवीत. दोन महिन्यांनी गोळ्या थांबवल्या आणि पंचाईत झाली. पोरांना घराची ओढ लागली, पण स्वतःच्या नव्हे. घानाची मुलगी म्हणायची, मला कडक भाकरी पाहिजे. भाकरी हा शब्दसुद्धा तिला माहीत नव्हता, हाताने थापून दाखवायची. त्या सदतिसांत मातियासही होता. तो म्हणायचा, काहीतरी गोड जळायच्या बेतात आहे, मला तिथे जायचंय.

तो एक दिवस ईश्वरीच्या खोलीत आला, तिचं दही चाखलं आणि लहान पोरासारखा रडला. "हे कुठलं?"

"भूमचं," ती म्हणाली. तिला बिचारीला वाटलं, दही आवडलं असेल.

एप्रिलमध्ये ईश्वरीचा वर्ग पाच दिवस उत्तरेला लॅपलंडमध्ये अभ्यास-सहलीला निघाला. विरजण रोज लावावं लागतं, पाच दिवसांत आंबून जाईल. लोक मांजर सांभाळायला देतात तसं तिने दह्याचं भांडं समीहनदादाकडे दिलं.

"नीट लाव हं दादा. माझ्या आज्जीचं आहे."

"जिवापलीकडे जपतो," तो म्हणाला.

परत आली आणि तीन आठवड्यांत पोर बदलली. ट्राममध्ये अनोळखी माणसांशेजारी बिनदिक्कत बसू लागली. तळ्यात पोहायला लागली. मला संदेश आला, "मामा, मी जिंकले. शहर माझं झालं." मी सगळ्या चौकात तो मोठ्याने वाचून दाखवला. फोन रोजचे आठवड्यावर आले, मग पंधरवड्यावर. एकदा सुवर्णाने सवयीने फोन कढईजवळ धरला. पलीकडून आवाज आला, "आई, हा कसला आवाज येतोय? तुझं बोलणं नीट ऐकू येत नाही. नंतर करते." फोन बंद झाला. सुवर्णाने तो तसाच कढईजवळ धरून ठेवला, पुष्कळ वेळ. मी शेजारी बसलो होतो.

जूनमध्ये आइनो तळ्याकाठच्या आपल्या उन्हाळी झोपडीतून परतली. ईश्वरी तिला भेटायला वाटीभर दही घेऊन गेली. म्हातारीने चमचा तोंडात घातला आणि तसाच खाली ठेवला.

"हे ते नाही."

"तेच आहे, आजी. रोज लावतेय."

"दही चांगलं आहे. पण ते कुणाच्या तरी घरचं होतं. हे कुणाचंच नाही."

ईश्वरीला हसू आलं. मग हसू थांबलं, कारण ती त्याच शास्त्राची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत जाऊन तिने दह्यातल्या जंतूंच्या जनुकांचं सगळं वाचन काढलं. दोन तासांचं काम. जंतू आमचेच होते, पण एका जागी नीट कात्रीने कापल्यासारखा तुकडा गायब. आणि तिकडे कायदा असा की जंतूत बदल केला तर त्यातच आपली खूण आणि तारीख लिहून ठेवायची. खूण समीहनच्या प्रयोगशाळेची. तारीख चौदा एप्रिल. त्या दिवशी ती लॅपलंडमध्ये रेनडिअरचं दूध मोजत होती.

ती तडक त्याच्याकडे गेली.

"काय कापलंस?"

समीहनने नाकारलं नाही. "दुसरा निरोप. 'परत चल' म्हणणारा. आता हे जंतू फक्त पहिला निरोप देतात. तू जिथे असशील तिथे घरी असशील. अख्ख्या जगातल्या पोरांना हे मिळणार आहे, ईश्वरी. पण आधी बघायचं होतं की नवे जंतू मूळच्या जंतूंना हटवतात का. मूळचे भरभक्कम असलेलं पोट मला एकच माहीत होतं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

"दादा, मी दोनदा तिकीट रद्द केलं होतं. माझं मी. रडत रडत राहत होते, पण राहत होते ना? मला वाटलं मी जिंकले." तिने दह्याचा डबा त्याच्या टेबलावर ठेवला. "ते पण तुझंच होतं?"

त्याने टेबलाचा खण उघडला. मग बचावाला म्हणून एक कागद पुढे केला. "मी घरच्यांना विचारलं होतं. चोरून काही केलेलं नाही."

कागदावर दोन गोष्टींना मंजुरी होती. एक, घरचं विरजण वापरायला. दोन, मुलीच्या भांड्यात नवं विरजण घालायला, तिला न सांगता. खाली सही, सुवर्णा हुंबे. त्याखाली साक्षीदाराची सही.

ती माझी.

आता सांगून टाकतो. मार्चमध्ये समीहनचा फोन आला तेव्हा मी भट्टीवरच होतो. त्याने पडद्यावर चित्रं काढून सगळं समजावलं, काही लपवलं नाही. मी नेहमीप्रमाणे दोन विनोद केले. सुवर्णाने फक्त एकच विचारलं, "मग ती मधेच परत येणार नाही ना?"

"नाही, काकू."

"मला विसरेल?"

"विसरणार नाही. फक्त ओढ राहणार नाही."

सुवर्णाने पदराला हात पुसले. ती एकोणीस वर्षांची असताना पुण्याला नर्सिंगला लागली होती. पहिल्या परीक्षेत पहिली आलेली. चौथ्या महिन्यात घरच्या ओढीने बॅग घेऊन परत आली आणि आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, पोरीचा जीव घरात किती! मीच तिला बसस्टँडवरून आणलं होतं. त्यानंतर ती भूमच्या बाहेर गेली नाही. "दादा," ती मला म्हणाली, "त्या वेळी कुणी माझी ओढ कापली असती तर मी आज कोण असते?" आणि सही केली. मीही केली. ईश्वरीला विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

ताम्पेरेहून ईश्वरीचा फोन मलाच आला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामा, समीहनवर खूप राग आला. पण तुमच्यावर आणि आईवर येतच नाहीये. करून बघते, येत नाही. ताम्पेरेतच संपतो, भूमपर्यंत पोचत नाही. मला माझं जुनं विरजण हवंय. त्याने सगळा साठा नष्ट केला म्हणतो. आता फक्त आईच्या मडक्यात आहे."

"ये," मी म्हटलं. "ते खाल्लंस की महिन्याभरात सगळं परत येईल. रडणं पण येईल."

"रडणं माझं होतं, मामा," ती म्हणाली.

जुलैत ती आली. मी बार्शी स्टेशनवर घ्यायला गेलो. गाडीत ती छान बोलत होती, रस्ता रुंद केला का, पाऊस कसा आहे, पाहुणे विचारतात तसं. तिच्या जुन्या शाळेचं फाटक आलं तेव्हा मी मुद्दाम गाडी हळू केली. तिने पाहिलं. "सुंदर आहे," म्हणाली.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. दारातून आत भट्टीपाशी तीन परदेशी पोरं दिसली. गोळ्या घेतलेली, वास शोधत शोधत मातियासच्या मागोमाग इथवर आलेली, आणि सुवर्णाने ठेवून घेतलेली. घानाची मुलगी भाकरी थापत होती, तीही बरी गोल. मातियास सरपण आत टाकत होता आणि दर दोन मिनिटांनी "आई, बस्स का?" विचारत होता. सुवर्णा कढईपुढे होती. तिने वर पाहिलं. मला वाटलं आता उठेल, मिठीत घेईल. ती कालथा फिरवतच राहिली. हात थांबला की खवा लागतो.

"आलीस? वाळलीस गं."

"बरी आहे मी, आई. तुझी तब्येत कशी आहे?" ईश्वरीने पिशवीतून एक वाटी काढली. स्वच्छ, झाकणाची, ताम्पेरेची. "आई, विरजण दे."

सुवर्णाने अंगणातल्या तुळशीपुढच्या दिव्याकडे पाहिलं. मग कढईत.

"दिवे लागलेत. उद्या सकाळी."

"सुवर्णा!" मी म्हणालो. "अगं, ती काय शेजारची आहे?" नियम घराबाहेर देण्याचा. घरातल्या माणसाला विरजण कुणी देत नाही. तो उठतो आणि मडक्यातून घेतो.

माझ्या बहिणीला मी ओळखतो. तिला पोरीला ओढ न लागता परत ताम्पेरेला पाठवायचं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त तिला भांडण हवं होतं. "माझ्या घरात मला नियम सांगतेस?" म्हणत पोरीने पाय आपटत स्वयंपाकघरात जावं आणि मडकं उघडावं, लहानपणी शंभरदा केलं तसं. त्यासाठी ती पाठ ताठ करून बसली होती. मडकं कोनाड्यात होतं, पाच पावलांवर.

"बरं," ईश्वरी म्हणाली. "सकाळी घेते."

आणि चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभी राहिली, वाटी हातात धरून, कुणी आत बोलावतं का याची वाट बघत.

मातियासला भूक लागली होती. तो उठला, हात धुतले, आत गेला, कोनाड्यातलं मडकं उघडून दोन पळ्या दही भाकरीवर घेतलं आणि चुलीशी येऊन मांडी घालून बसला. त्याला कुणी अडवलं नाही. अडवायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नाही.

सुवर्णाने त्याच्याकडे पाहिलं. मग दारातल्या पोरीकडे. तिच्या हातातला कालथा थांबला. इतक्या वर्षांत मी तो थांबलेला पाहिला नव्हता.

"आई! आई, लागतंय!" मातियास ताट टाकून उठला आणि त्याने जळती लाकडं बाहेर ओढली.

ईश्वरी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मामा, कसला वास येतोय हा?"